वहीतला प्रकल्प आणि गावातली विहीर

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याने आपल्या गावाच्या उपयोगी पडेल असा एखादा प्रकल्प स्वतःच्या कल्पनेने करावा, हे आता कोणाला पटवून द्यावे लागत नाही. अभ्यासक्रमात त्याला जागा आहे, गुण आहेत, प्रदर्शने आहेत, बक्षिसेही आहेत. प्रश्न असा आहे की, इतकी वर्षे इतके प्रकल्प झाले, त्यांतून गावाच्या हाती काय आले? अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातले असे प्रकल्प पाहण्याचा आणि कधी परीक्षक म्हणून त्यांना गुण देण्याचा योग मला वारंवार येतो. मुलांची मेहनत कमी पडते असे मला वाटत नाही. मात्र आपण त्यांच्याकडून जे मागतो त्यातच गफलत आहे, असे माझे मत होत गेले आहे. आपण नवे, पूर्ण झालेले आणि एकट्याचे असे काहीतरी मागतो. गावाला बहुधा हवे असते ते वर्षानुवर्षे चालू राहिलेले आणि अनेकांनी मिळून केलेले काम. हा मुद्दा येथे जरा विस्ताराने तपासून पाहू.

प्रकल्प अभ्यासक्रमात आला कसा?

पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा असावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिला आणि २००३ साली त्याच्या अंमलबजावणीबद्दल पुन्हा बजावले. दरम्यान १९९३ साली राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद सुरू झाली. १० ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी आपल्या परिसरातला एक प्रश्न घ्यावा, गटाने निरीक्षणे करावीत, शिक्षकाने फक्त मार्गदर्शन करावे आणि अहवाल जिल्हा, राज्य, राष्ट्र अशा पायऱ्यांनी वर जावा, अशी तिची रचना. पाठांतराच्या स्पर्धांना कंटाळलेल्या शिक्षकांना ही परिषद म्हणजे मोकळी हवा वाटली, आणि ते योग्यच होते.

पुढे राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ तयार होत असताना 'परिसर आणि अध्ययन' या विषयाचा अभ्यासगट डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली नेमला गेला. त्या गटाची मांडणी या सर्वांत धाडसी होती. देशभरची लाखो मुले दरवर्षी पर्यावरणाचे प्रकल्प करणारच असतील, तर त्यांची निरीक्षणे रद्दीत का जावीत? ती एकत्र करावीत, सर्वांना पाहता येतील अशी ठेवावीत, म्हणजे आपल्या ओढ्यांची, विहिरींची, झाडांची माहिती मुलांच्याच हातून साठत जाईल, असा त्या सूचनेचा गाभा होता. महाराष्ट्रात २०१९-२० पासून अकरावीला 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा' हा विषय आला. त्यात ५० पैकी ३० गुण प्रकल्पाला ठेवले गेले.

म्हणजे कागदावर पाहिले तर पायाभरणी उत्तम आहे. आता प्रत्यक्ष वह्या उघडून पाहू.

वहीत काय असते?

या वह्यांचे ठरावीक चार प्रकार आढळतात.

पहिला प्रकार प्रतिकृतीचा. नगर जिल्ह्यात तो हमखास 'आदर्श गाव' या नावाने येतो. हिरवा रंग दिलेला डोंगर, त्यावर समतल चर, खाली बंधारा, निळ्या कागदाचे पाणी. थर्माकोलवर २०१८ मध्ये राज्यात निर्बंध आले, तरी पर्यावरणाच्या प्रकल्पातून तो सहजी गेला नाही! प्रतिकृती सुबक असते, पण तिच्यात चराची लांबी किती, त्यात किती पाणी मावेल, त्या डोंगरावर पाऊस किती पडतो, यांपैकी एकही आकडा नसतो. बंधारा कोठे बांधायचा हे ज्याने ठरवायचे, त्याला तिचा काही उपयोग नाही.

दुसरा प्रकार पाणी तपासणीचा. हल्ली टीडीएस मीटर स्वस्त झाल्यापासून तो वाढला आहे. विद्यार्थी पाच ठिकाणचे पाणी आणतो, मीटर बुडवतो आणि 'पिण्यास योग्य', 'पिण्यास अयोग्य' असा शिक्का मारून मोकळा होतो. हे मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजते आणि तिच्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देते. जुलाब, कावीळ पसरवणाऱ्या जंतूंबद्दल ते काहीच सांगू शकत नाही. कमी टीडीएसचे ओढ्याचे पाणी जंतूंनी भरलेले असू शकते आणि किंचित मचूळ लागणारे विहिरीचे पाणी निर्धोक असू शकते. येथे प्रकल्प निरुपयोगी तर होतोच, शिवाय धोकादायकही होतो. कारण त्यातला निष्कर्ष कोणी खरा मानला तर? या तपासणीसाठी शाळेला परवडणारे साधनही आहे. विष्ठाजन्य प्रदूषण दाखवणारी हायड्रोजन सल्फाइडची बाटली ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ साली मांडली. नमुना घातल्यावर एक-दोन दिवसांत पाणी काळे पडले तर ते संशयास्पद समजावे, इतकी ती सोपी आहे.

तिसरा प्रकार सर्वेक्षणाचा. ५० कुटुंबांना १५ प्रश्न, उत्तरांचे रंगीत वर्तुळालेख, शेवटी 'लोकांमध्ये जागृती झाली पाहिजे' हा निष्कर्ष. ही ५० कुटुंबे कशी निवडली, हे विचारावे. बहुतेक वेळा ती गावठाणातली, विद्यार्थ्याच्या आळीतली असतात. आपल्याकडे अर्धे गाव शिवारातल्या वस्त्यांवर राहते. टँकरची वाट पाहावी लागते ती तेथे आणि सर्वेक्षणातून वगळले जाते तेही तेथेच. नमुना निवडण्याचे शास्त्र बारावीच्या विद्यार्थ्याला समजण्यासारखे आहे. आपण ते विचारत नाही म्हणून तो ते शिकत नाही.

चौथा प्रकार वृक्षारोपणाचा. जुलैमध्ये ५० रोपे लावली, छायाचित्रे चिकटवली, प्रकल्प संपला. पुढच्या मे महिन्यात त्यांतली किती जगली हा आकडाच खरा निष्कर्ष, पण तोपर्यंत वहीला गुण मिळून गेलेले असतात.

या चारही प्रकारांत आळस दिसत नाही. रात्र-रात्र जागून केलेली कामे असतात ही. परंतु चारही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. गावातल्या कोणाला तरी काहीतरी ठरवायचे आहे आणि त्यासाठी त्याला हा आकडा हवा आहे, असा माणूस त्या वहीच्या पलीकडे उभा नाही. पलीकडे फक्त परीक्षक आहे. अहवालाचा रस्ता शाळेतून जिल्ह्याला, जिल्ह्यातून राज्याला जातो. शाळेतून ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंतचे दोनशे पावलांचे अंतर मात्र तो क्वचितच चालतो.

हिवरे बाजारातून काय घ्यायचे?

ज्या गावाच्या प्रतिकृती मुले करतात, त्या हिवरे बाजारने नेमके काय केले, हे पाहण्यासारखे आहे. १९८९ साली पोपटराव पवार तेथे सरपंच झाले आणि १९९४ नंतर आदर्श गाव योजनेतून पाणलोटाची कामे झाली. चर, बांध, झाडे हे सर्वांना दिसते. पण तेवढी कामे इतरत्रही अनेक गावांत झाली आणि काही वर्षांत तेथे पुन्हा टँकर आले. हिवरे बाजारचे वेगळेपण पुढच्या टप्प्यात आहे. गावात पर्जन्यमापक बसले, विहिरींच्या पातळ्या मोजल्या जाऊ लागल्या, भूजल खात्याच्या मदतीने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जाऊ लागला आणि त्यावर ग्रामसभेत पिके ठरू लागली. उसासारख्या पिकाला आणि शेतीसाठी विंधन विहिरींना गावाने नकार दिला. थोडक्यात, चरांनी पाणी अडवले, पण टिकवले ते मोजण्याने आणि त्या मोजमापावर निर्णय घेण्याने. प्रतिकृतीत चर दाखवता येतात. मोजणे दाखवता येत नाही, म्हणून ते गळून पडते.

हा ताळेबंद अकरावीच्या गणिताच्या पलीकडचा नाही. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १० घनमीटर, म्हणजे १० हजार लिटर पाणी होते. हिवरे बाजारचे क्षेत्र सुमारे ९७७ हेक्टर. वर्षाचा पाऊस ४०० मिलिमीटर धरला तर शिवारावर पडणारे पाणी झाले सुमारे ३९ लाख घनमीटर, म्हणजे ३९० कोटी लिटर. आकडा प्रचंड वाटतो. पण यातले बरेचसे वाफ होऊन जाते, काही ओढ्याने वाहून जाते, काही मातीत राहून पिकाच्या कामी येते. खाली खडकात किती मुरते? भूजलाचा अंदाज करण्यासाठी १९९७ साली ठरलेल्या मापदंडांत विदारित बेसॉल्टला (आपल्या मुरमाला) पावसाच्या ६ ते ८ टक्के आणि सच्छिद्र, भेगांच्या बेसॉल्टला १२ ते १४ टक्के असे प्रमाण दिले आहे. सरासरी १० टक्के धरू. म्हणजे खात्यात जमा झाले ३९ कोटी लिटर.

आता खर्च पाहा. माणशी दररोज ५५ लिटर धरले, तर हजार वस्तीच्या गावाला पिण्या-वापरायला वर्षाला सुमारे २ कोटी लिटर लागतात. एक हेक्टर उसाला पाटाने पाणी दिले तर वर्षाला सुमारे २,००० मिलिमीटर, म्हणजे तेवढेच २ कोटी लिटर लागते. एका हेक्टर उसाचे पाणी म्हणजे हजार माणसांचे वर्षाचे पाणी! आणि वीस हेक्टर उसात गावाचे सारे खाते रिकामे. याच जिल्ह्यात प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्यामागे कालव्याचे पाणी होते. कालवा नसलेल्या शिवारात तेच पीक घेतले की काय होते, हे या दोन ओळींच्या हिशेबातून विद्यार्थ्याला स्वतःहून उमगते.

हाच हिशेब प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावासाठी करायचा, तर त्याला दोन आकडे लागतील. आपल्या शिवारातला पाऊस आणि आपल्या विहिरींची पातळी. दोन्ही कोणत्याही पुस्तकात मिळत नाहीत, आणि प्रकल्पाची खरी जागा नेमकी तेथेच आहे.

एका विहिरीचे पाणी मोजायचे तर

नगर जिल्ह्यात पावसाचा फरक किती असतो हे आपण जाणतोच. अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीकडे काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर पूर्वेकडच्या तालुक्यांत पाचशेच्या आसपास. महसूल मंडळात एखादे स्वयंचलित केंद्र असले तरी वळवाचा पाऊस एका गावात झोडपतो आणि शेजारच्या गावात रस्ताही भिजवत नाही. म्हणून गावाचा स्वतःचा पर्जन्यमापक हवा. तो विकत घेण्याचेही कारण नाही. सरळ भिंतीचे, सपाट तळाचे कोणतेही भांडे चालते. भांडे रुंद असो वा अरुंद, त्यात साठलेल्या पाण्याची उंची सारखीच भरते. असे का, हे विद्यार्थ्याला सिद्ध करायला सांगावे. भांडे झाडापासून किंवा भिंतीपासून तिच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर ठेवावे आणि रोज सकाळी ८.३० वाजता नोंद घ्यावी, म्हणजे हवामान खात्याच्या नोंदींशी तुलना करता येईल.

विहिरीचे काम याहून सोपे, पण त्यात एक खोच आहे. कठड्यावर रंगाची एक खूण करावी, वजन बांधलेली मोजपट्टी तेथून खाली सोडावी, पाण्याला टेकली की आकडा वाचावा. तीन मुलांनी वेगवेगळे मोजले तर दोन-चार सेंटिमीटरचा फरक पडेल. उन्हाळा-पावसाळ्यातला फरक चार-पाच मीटर असताना हे सेंटिमीटर क्षुल्लक आहेत. पण तासाभरापूर्वी मोटार चालली असेल तर पातळी मीटर-मीटरने खोटी निघते. म्हणून मोजणी पहाटे, मोटार सुरू होण्यापूर्वी. कोणती चूक महत्त्वाची आणि कोणती सोडून देण्याजोगी, हे प्रयोगशाळेतल्या व्हर्नियरपेक्षा विहिरीच्या काठावर जास्त पक्के समजते.

आणखी एक गोष्ट येथे शिकता येते. विहिरीत एक मीटर पाणी उतरले म्हणजे खडकातले किती पाणी गेले? विहिरीत सगळे पाणीच असते, पण खडकात ते फक्त भेगांत आणि छिद्रांत असते. बेसॉल्टसाठी हे प्रमाण १ ते ३ टक्के, सरासरी २ टक्के धरतात. म्हणून शंभर हेक्टरांत सगळीकडे पातळी एक मीटर उतरली, तर खडकातून गेलेले पाणी भरते २० हजार घनमीटर, म्हणजे पुन्हा तेच २ कोटी लिटर. इतका मोठा खडक एक मीटरने रिता झाला, तेव्हा कोठे हजार माणसांची वर्षाची तहान भागली किंवा एक हेक्टर ऊस पिकला. आपल्या पायाखालची टाकी किती उथळ आहे हे यातून दिसते. विहीर खणणारे मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण असे थर ओळखतात. त्यांच्याकडून गावातल्या पाच विहिरींचे थर लिहून घेतले तर ही दोन टक्क्यांची सरासरी आपल्या गावाला कितपत लागू पडते, तेही तपासता येते.

राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरींची पातळी घेते. अशा विहिरी राज्यभर सुमारे चार हजार आहेत, आणि गावे चाळीस हजारांवर. म्हणजे दहा गावांना एक विहीरही पुरती येत नाही. बाकीच्या गावांत ही नोंद कोणी करायची? प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शिकणारी मुले आहेत आणि त्यांना प्रकल्प करायचाच आहे.

नक्कल की परंपरा?

आता आपल्या पद्धतीतल्या मुख्य दोषाकडे येतो. समजा, एका विद्यार्थिनीने यंदा पाच विहिरींची पातळी चार वेळा मोजली. तिच्या हाती वीस आकडे आले. वीस आकड्यांवरून गावाचे पाणी घटते आहे की वाढते आहे, हे सांगता येत नाही. एका वर्षाचा पाऊस कमी-जास्त असतो. निदान सात-आठ वर्षांच्या नोंदी हव्यात. पण पुढच्या वर्षी दुसऱ्या विद्यार्थ्याने तिच्याच विहिरी, तिच्याच पद्धतीने मोजल्या तर आपण काय म्हणतो? 'हा प्रकल्प गेल्या वर्षी झाला आहे. काहीतरी नवीन आणा.' गेल्या वर्षीची वही वापरली तर ती नक्कल ठरते.

संशोधनाच्या क्षेत्रात वागणूक अगदी उलटी असते. मागच्याने जेथे सोडले तेथून सुरुवात करणे, त्याच्या नोंदी पडताळणे, त्यांत आपली भर घालणे आणि त्याचे ऋण स्पष्ट लिहिणे, हीच तेथली रीत. मागच्या नोंदी न सांगता वापरणे ही चोरी. त्या सांगून पुढे नेणे ही परंपरा. हा फरक शिकवण्याची उत्तम संधी आपण 'नावीन्य' या रकान्यापायी घालवतो. स्वतंत्र प्रकल्प म्हणजे दरवर्षी शून्यापासून सुरुवात, असा अर्थ आपण लावला, आणि म्हणून तीस वर्षांत काहीच साठले नाही.

साठवण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. १९९५ साली सुरू झालेल्या 'ग्लोब' या आंतरराष्ट्रीय उपक्रमात शाळकरी मुलांनी ठरावीक पद्धतीने घेतलेल्या हवामानाच्या नोंदी शास्त्रज्ञांपर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था झाली. आपल्याकडे 'सीझनवॉच' या उपक्रमात मुले एकच झाड निवडून त्याची पालवी, मोहोर, फळे आठवड्याला नोंदवतात. केरळातल्या शाळांनी त्यात मोठा वाटा उचलला. यांत कोणा एका मुलाचे 'नवे' असे काही नाही. तरीही प्रत्येकाची नोंद मोलाची आहे, कारण ती एका मोठ्या मालिकेतला दुवा आहे.

मग कल्पकतेला जागा कोठे उरली? भरपूर उरली. खोल विहिरीत मोजपट्टी पाण्याला टेकली हे अंधारात कसे ओळखायचे? निरक्षर शेतकऱ्याला पातळी एका नजरेत समजेल असा फलक कसा करायचा? वस्तीवरच्या लोकांना सवड नसते, तर त्यांच्याकडची नोंद कोणी, कधी घ्यायची? हे सारे प्रश्न खऱ्या कल्पकतेचे आहेत, आणि त्यांची उत्तरे प्रत्येक गावात वेगळी येतील.

पाबळची कसोटी

प्रकल्प गावाच्या कामी आला की नाही, हे ओळखायचे कसे? याचे एक उत्तर नगर जिल्ह्याच्या शेजारी, पुणे जिल्ह्यातल्या पाबळला सापडते. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तेथे विज्ञान आश्रम सुरू केला. आठवी ते दहावीच्या मुलांनी शेती, बांधकाम, वीज, आरोग्य अशी कामे हाताने करत शिकावे आणि त्या कौशल्यातून गावाला सेवा द्यावी, असा त्यांचा अभ्यासक्रम. सेवा फुकट न देता तिचे वाजवी मोल घ्यावे, हा त्यातला मर्म सांगणारा भाग. शेजारच्या शेतकऱ्याने माती तपासून दिल्याबद्दल दहा रुपये दिले, तर त्याला त्या तपासणीचा उपयोग आहे असे समजावे. प्रमाणपत्रावरच्या सहीपेक्षा ही पावती जास्त बोलकी आहे. अकरावी-बारावीला पैशांचा व्यवहार नको वाटला, तर त्याऐवजी 'हा अहवाल कोणी मागितला आणि त्यावर काय ठरवले' एवढे जरी विचारले तरी पुरे.

काही अडचणी

या सूचनेवर शिक्षक तीन आक्षेप घेतात, आणि तिन्हींत तथ्य आहे.

पहिला वेळेचा. बारावीला प्रवेश परीक्षांचे सावट असते, काही ठिकाणी तर मुले शिकवणीला आणि पट वर्गात अशी स्थिती. परंतु वर्षातून चार सकाळी, पाच विहिरी, हा बोजा प्रतिकृती बनवण्यापेक्षा कमीच आहे.

दुसरा आक्षेप विश्वासार्हतेचा. मुले घरी बसून आकडे लिहिणार नाहीत कशावरून? ही भीती खोटी नाही. मोठी माणसेही हेच करतात. जैविक विविधता कायदा २००२ सालचा. त्यातून गावोगाव लोकजैवविविधता नोंदवह्या व्हायच्या होत्या. वर्षानुवर्षे त्या काही हजारच झाल्या. मग हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दंडाची तंबी दिली आणि थोड्याच काळात आकडा दोन लाखांच्या वर गेला. त्यांतल्या किती नोंदवह्या गावकऱ्यांसोबत शिवार फिरून झाल्या असतील, हे वाचकांनीच ठरवावे. वरच्या कार्यालयासाठी भरलेली नोंद अशीच होते. उलट, ज्या आकड्यावर शेजारच्या काकांचे कांद्याचे क्षेत्र ठरणार आहे, तो आकडा खोटा लिहिला तर चार दिवसांत विहीरच तो उघडा पाडते. शिवाय दोन गटांनी एकाच विहिरीची स्वतंत्र नोंद घ्यावी, ही साधी तपासणी आहेच.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. पाण्याचा आकडा निरुपद्रवी नसतो. एका बड्या शेतकऱ्याच्या विंधन विहिरीमुळे खालच्या पाच विहिरी आटतात असे नोंदीतून दिसले, तर सतरा वर्षांच्या मुलीने ते चावडीवर वाचून दाखवायचे का? असा भार तिच्यावर टाकता कामा नये. विहीर मालकाची परवानगी आधी घ्यावी, नोंदीत नावांऐवजी क्रमांक घालावेत, आणि गावासमोर मांडताना एकेका विहिरीऐवजी शिवाराच्या भागांची सरासरी मांडावी. अहवाल शिक्षकाच्या सहीने जावा, म्हणजे जबाबदारी प्रौढांवर राहील. त्याचबरोबर सुरक्षिततेचाही विचार हवा. पक्का कठडा असलेलीच विहीर निवडावी, सोबत मोठे माणूस असावे, एकट्याने मोजू नये. हे नियम वहीच्या पहिल्या पानावर असावेत.

गुण कशाला द्यावेत?

यासाठी नवी योजना लागणार नाही. आहे त्या गुणांची वाटणी बदलली तरी पुष्कळ होईल. परीक्षकाने पाच प्रश्न विचारावेत. हा आकडा कोणाला हवा होता? तो किती वेळा आणि कसा मोजला? त्यात चूक किती असू शकते? मागच्या तुकडीच्या नोंदींशी तो जुळतो का, नसल्यास का? आणि पुढच्या तुकडीसाठी काय ठेवले? शेवटच्या प्रश्नाला पहिल्याइतकेच गुण असावेत. प्रकल्पाची वही विद्यार्थ्याला परत न देता तिची एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात आणि एक ग्रामपंचायतीत राहावी. सादरीकरणाच्या दिवशी परीक्षकाच्या शेजारी गावातला जलसुरक्षक, एखादी आशा ताई किंवा जाणता शेतकरी बसवावा. त्यांनी विचारलेला एक प्रश्न आम्हा संशोधकांच्या दहा प्रश्नांपेक्षा मुलांना जास्त विचार करायला लावेल.

हिवरे बाजारची प्रतिकृती करणाऱ्या मुलाला त्या गावाबद्दल आदर आहे, आणि तो रास्त आहे. पण तो आदर पुठ्ठ्यावर संपला तर त्याच्या स्वतःच्या गावाचा ताळेबंद कोरा राहतो. पावसाळा सरताना, सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला विहिरी भरलेल्या असतात. पहिली मोजणी तेव्हा करावी, दुसरी जानेवारीत, तिसरी मार्चमध्ये आणि चौथी मे महिन्यात. म्हणजे सरकारी नोंदींशीही ती जुळेल. एक जाड पुठ्ठ्याची वही, एक मोजपट्टी, कठड्यावर रंगाची एक खूण एवढे साहित्य पुरते. वहीवर विद्यार्थ्याच्या नावाऐवजी गावाचे नाव घालावे, आणि ज्यांनी ज्यांनी मोजले त्यांची नावे आत, वर्षाप्रमाणे, एकाखाली एक लिहीत जावे.